डाव्या पायाखालची गाळणी

"गेल्या छत्तीस वर्षांत माझ्या दवाखान्यातून अपायकारक असा एक कणही बाहेर गेलेला नाही!"

आमच्या गल्लीतल्या दंतवैद्यांनी हे जाहीर केलं, तेव्हा खुर्चीतल्या गृहस्थाचं काही दुमत नव्हतं. त्याच्या तोंडात कापूस होता. तो काढल्यावर त्याने चूळ भरली. दाढेतून कोरून काढलेल्या जुन्या चांदीचा चुरा गुळगुळ करत बेसिनमधून नळीत, नळीतून ओढ्यात आणि ओढ्यातून तळ्याकडे निघाला.

त्याच तळ्यावर डॉक्टर दर रविवारी गळ टाकून बसत. लहान मासा लागला तर शेजारच्या बगळ्याला, मोठा लागला तर गरोदर लेकीला. "बाळाचा मेंदू तल्लख होतो," असं ते लेकीला सांगत. बगळ्याला काही सांगत नसत.

लेक पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला. तिसऱ्या रविवारच्या माशाचा तुकडा तिने कढईत न टाकता तपासायला टाकला आणि गुरुवारी कागद घेऊन थेट दवाखान्यात आली.

"बाबा, माशात पारा आहे. मर्यादेच्या दुप्पट."

"एखाद्या कारखान्याचा असेल."

"ओढ्यावर कारखाना कुठंय? तुम्हीच आहात. दातांत चांदी म्हणून जे भरता, त्यात निम्मा पारा असतो. तो तळ्याच्या गाळात बसतो, तिथं त्याचं आणखी जहाल विष होतं, आणि ते लहान माशातून मोठ्यात चढत जातं."

"अगं, तळं केवढं, माझा चुरा केवढा!"

"आणि बाळाचा मेंदू केवढा?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "तू किती खाल्लास?"

"दोन रविवार. माझ्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, घाबरू नका, पण आता या तळ्यातला एक घासही नको."

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला.

"तळ्याकाठी पाटी लावू," ते अखेर म्हणाले.

"लावूच. पण बगळ्याला वाचता येतं का? चुरा अडवणारी गाळणी बसवा."

"मागवलीय की! दोन वर्षं झाली. पाठवतायत कुठे लेकाचे!"

मदतनीस बाई खाकरल्या. "सर, आलीय ती."

"मग कुठाय?"

बाईंनी आधी छताकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या डाव्या पायाकडे. त्या पायाखाली एक खोकं होतं; काम करताना पाय टेकायला ते अगदी मापाचं होतं. वरची अक्षरं बुटाने केव्हाच पुसली होती.

"तीनदा सांगितलं मी," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, आधी दाढ."

दुपारभर पेशंट बाहेर गाल धरून बसले. आत डॉक्टर बेसिनखाली उताणे आणि लेक बॅटरी धरून उभी. गाळणी बसली. अडलेला चुरा झाकणबंद बरणीत साठवून पारा वेगळा काढणाऱ्यांकडे पाठवायचा असं ठरलं.

"उद्यापासून चांदी बंद, दातांत पांढरं सिमेंट!" डॉक्टर कपडे झटकत उठले. "माझं नातवंड त्या तळ्यातला मासा खाईल, असं तळं करून दाखवतो!"

ते रुबाबात स्टुलावर बसले. डावा पाय दोनदा हवेत चाचपडला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ते रिकामं खोकं टाकू नका हं."