टाकीतल्या पंपाचा आवाज

गाडी काही केल्या सुरू होत नव्हती, आणि कानसेन म्हणत होते की पंपाचं काही नाही, पंप चालू आहे.

कानसेन हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला, आणि गाडीचं दुखणं ते डोळ्यांपेक्षा कानांनी शोधायचे, म्हणून वर्कशॉपमधल्या मंडळींनी हे नाव ठेवलं ते कायमचंच चिकटलं. बॉनेट उघडायच्या आधीच ते सांगून मोकळे व्हायचे, बेअरिंग खराब झालंय, नाहीतर पट्टा सैल पडलाय. मीटर लावून बघणाऱ्यांना ते भीक घालत नसत. ज्याला कान नाहीत त्याने मीटर घ्यावा, असं त्यांचं साधं सरळ मत होतं, आणि समोरच्याच्या हातात मीटर असला तरी ते बोलून दाखवायला ते कचरत नसत.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकूंना गाडी चालवता येत नव्हती. गाडीतलं त्यांना एकच काम यायचं, चावी फिरवण्याचं, आणि ते मात्र त्या लग्न झाल्यापासून करत आल्या होत्या. दुपारी डबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेल्या की कानसेन त्यांना कुणाच्या तरी गाडीत स्टीअरिंगपुढे बसवायचे आणि स्वतः मागची सीट उचलून टाकीच्या झाकणाशी कान न्यायचे.

"लाव," ते म्हणायचे.

"लावली."

चावी अर्धी फिरवली की टाकीतला पंप क्षणभर गुणगुणतो, पाइपात पेट्रोल भरून ठेवतो आणि गप्प होतो. तेवढ्या गुणगुणीवरून कानसेन पंपाची प्रकृती सांगायचे. "आला," ते म्हणायचे, आणि मग काकू स्टार्टर मारायच्या. आमच्या संसारात एवढं एकच बोलणं भांडणाशिवाय पार पडतं, असं काकू शेजारणींना सांगायच्या. त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

वर्कशॉप विकलं तेव्हा सगळं गेलं. हत्यारांची एक पेटी आणि ही स्वतःची गाडी तेवढी राहिली. कुणीतरी वैतागून टाकून दिलेली गाडी कानसेननी तरुणपणी उभी केली होती. लेकीला दवाखान्यातून घरी आणलं ते हिच्यातून, आणि मोठेपणी परगावी शिकायला सोडलं तेही हिच्यातूनच. त्या दिवशी परत येताना कानसेन सारखे डोळे पुसत होते. सायलेन्सर फुटलाय, धूर आत येतोय, असं त्यांनी काकूंना सांगितलं. सायलेन्सर त्यांनी त्याच महिन्यात नवा बसवला होता. काकूंनी काच खाली केली आणि त्याही धुराच्या नावाने रडून घेतलं. आता लेक फोनवर म्हणायची, बाबा, ती गाडी काढून टाका. मग कानसेन विषय बदलायचे.

तर ही गाडी बाजारातून घरापर्यंत नीट आली, दारात उभी राहिली आणि पुन्हा उठली नाही. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. कानसेननी प्लग काढून बघितले, ठिणगी छान पडत होती. मग मागची सीट उचलून ते वाकले. लाव, लावली, आला. पुढे बसलेल्या काकूंना काहीच ऐकू आलं नाही. वय झालं आपलं, कान गेले, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि गप्प बसल्या. कानसेनच्या कानांवर शंका घ्यायची म्हणजे घड्याळाला वेळ विचारून पुन्हा शेजाऱ्याला विचारण्यासारखं होतं.

पंप चालू म्हणजे पेट्रोल येतंय, आणि पेट्रोल येतंय म्हणजे तिकडे बघायचं कारण नाही. एकदा हे डोक्यात बसल्यावर कानसेन उरलेल्या सगळ्या गाडीच्या मागे लागले. कॉइल बदलली, वायरी बदलल्या, टायमिंगच्या खुणा जुळवून बघितल्या. पेटीतली निम्मी हत्यारं जमिनीवर आली. शेवटी त्यांनी हात टेकले. इंजिनच बसलं, म्हणाले. नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि भंगारवाल्याला फोन करून सकाळी यायला सांगितलं. आवाज अगदी नेहमीचा होता. पण नंतर पाना कापडाने पुसत बसले ते बसलेच, आणि काकूंना ते बघवेना.

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याला कमी ऐकू येतंय हे कळायला उशीरच लागतो, कारण तो आधीही कुठे ऐकत होता. हाक मारली तर ओ देत नाहीत, टीव्ही मोठा लावतात, हे सगळं काकूंनी स्वभावाच्या खात्यात टाकलं होतं. आता एकेक आठवायला लागलं. मग त्यांना एक कल्पना सुचली, आणि सुचल्याबरोबर तिची भीतीही वाटली.

"गाडी जायच्या आधी एकदा शेवटचा पंप बघा," त्या म्हणाल्या आणि पुढे जाऊन बसल्या. कानसेन कुरकुरत मागे वाकले.

"लाव."

काकूंनी चावी धरली. फिरवली नाही.

"लावली."

"आला," मागून कानसेन म्हणाले. "ठणठणीत आहे. पंपाचं काही नाही गं."

बोलावं तर या माणसाचे कान काढून घेतल्यासारखं होणार, आणि त्या कानांपलीकडे त्यांनी जन्मभर दुसरं मिरवलं काय? न बोलावं तर सकाळी गाडी जाणार, तीही एका पंपापायी. जेवताना त्यांनी मीठ दोनदा घातलं आणि कानसेननी ते निमूट खाल्लं.

सकाळी मात्र त्या पदर खोचून बाहेर आल्या. फिल्टरकडे येणारा पाइप सोडून बघा, पेट्रोल येतंय का, एवढं त्यांनी सांगितलं. कानसेन भडकले. काल ऐकलं, परवा ऐकलं, आता मला शिकवणार का, असं बरंच बोलले. काकू जागच्या हलल्या नाहीत. शेवटी बायकोच्या समाधानासाठी म्हणून त्यांनी पाइप सैल केला, खाली फडकं धरलं आणि स्टार्टर मारायला सांगितलं.

काकूंनी मारला. फडकं कोरडं राहिलं.

कानसेन त्या फडक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेटीच्या तळातून वायरीचा छोटा दिवा काढला, टाकीवरचा पंपाच्या वायरींचा प्लग सुटा करून त्याला तो जोडला आणि काकूंना चावी फिरवायला लावली. दिवा लागला. पंपापर्यंत वीज येत होती आणि पंप मेलेला होता. सगळं मिळून चहा उकळेल एवढ्या वेळाचं काम.

"काल मला आला होता," ते म्हणाले.

काकूंना खोटं बोलायचं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. पण त्या चेहऱ्याकडे बघून ते तोंडातून निघेनात.

"काल मी चावी फिरवलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

आता हा माणूस फडकं फेकणार, घरात जाणार, दोन दिवस बोलणार नाही, अशी त्यांची खात्री होती. कानसेन सीटच्या कडेला टेकले. बराच वेळ त्यांनी हातातल्या दिव्याची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"खोटं नाही बोललो गं," ते म्हणाले. "तू लावली म्हणालीस ना, की मला तो ऐकू येतो. आधी यायचा तस्साच."

काकूंना त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की आपण कशासाठी रडतोय हे त्यांचं त्यांनाच कळेना. या वेळी सायलेन्सरचं नाव कुणी घेतलं नाही.

भंगारवाला आला, चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. कानसेन पार्टच्या दुकानातून नवा पंप घेऊन आले. बॅटरीची वायर काढली, गाडीची चारी दारं उघडी टाकली. झाकणाभोवतीची धूळ कुंचल्याने झाडली, एक कणही टाकीत पडता कामा नये म्हणून. लोखंडाने ठिणगी उडेल म्हणून लाकडाच्या ठोकळ्याने ठोकत गोल कडी फिरवली आणि जुना पंप अलगद वर काढला. नवा बसवला, नवं रबर बसवलं, कडी आवळली, बॅटरी जोडली. या कामात त्यांचे हात कुठेच अडखळले नाहीत. काकू टॉर्च धरून उभ्या असल्यासारख्या उगाचच जवळ उभ्या होत्या.

मग सवयीने काकू पुढे बसायला निघाल्या आणि कानसेन मागे वाकले. वाकले, आणि तसेच सरळ झाले. पुढे येऊन त्यांनी काकूंच्या आधी दार धरलं.

"तू मागे जा," ते म्हणाले. "आता तू ऐक."

काकूंनी आयुष्यात कधी त्या बाजूने पंप ऐकला नव्हता. गुडघे टेकून, एका हाताने सीटचा आधार घेऊन त्या झाकणाशी वाकल्या. पेट्रोलचा वास नाकात शिरला. आपल्याला काय कळणार यातलं, असं त्यांना वाटलं.

"लावली," पुढून कानसेन म्हणाले.

तो आला. बारीक, एकसुरी, अगदी काकूंच्या कानाखाली, आणि थांबला.

"आला," काकू म्हणाल्या.

कानसेन चावीवर हात ठेवून समोर बघत वाट पाहत बसले होते. काकूंच्या ध्यानात आलं, टाकीशी वाकून बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्या उठल्या, पुढे वाकल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कानसेननी स्टार्टर मारला.