मूठभर सोडा

"मामा, खरं सांगा. बरणीत काय घातलंत?"

प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या शिपायाला सगळे मामाच म्हणत, पण आज तरुण संशोधक बाईंच्या त्या हाकेत माया नव्हती. काल संध्याकाळी बरणीतलं पाणी शाईसारखं काळं होतं. आज वर नितळ पाणी होतं आणि तळाशी गाळ.

"सोडा. धुण्याचा, मूठभर," मामा म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारला. पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट साबणाच्या पाण्यात घालून मिक्सरमध्ये घुसळायचं, की त्याचे अणूइतके पातळ पापुद्रे सुटून ग्राफीन होतं, अशी त्यांची नवी पद्धत होती. जुन्या पद्धतीसारखं ना अ‍ॅसिड, ना विषारी धूर. उद्या ते बघायला पाहुणे येणार होते. बारा दिवसांत सुटलेले पापुद्रे त्या एका मुठीने पुन्हा एकमेकांना चिकटून बसले होते.

"अ‍ॅसिडची खोली बंद होणार, तुमचं काम जाणार, म्हणून मुद्दाम केलंत ना?"

हे मात्र मामांना झोंबलं. तीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

"मुद्दाम? अहो, मला या पाण्याचाच भरवसा नाही! 'काही होत नाही' म्हणता तुम्ही. आधीचे सरही हेच म्हणायचे, अन् मला अ‍ॅसिडच्या वाफेत उभं करायचे. परवा घरात गॅस सुटला, बायको ओरडत आली, तर मी शेगडीजवळ पेपर वाचत बसलेलो. नाकाला वासच कळत नाही." त्यांनी डाग पडलेले तळवे पुढे केले. "अ‍ॅसिड मारायला सोडा टाकायची सवय आहे. तुम्ही उघड्या हातांनी ढवळता. म्हटलं, पोरीचे हात तरी शाबूत राहावेत."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे बाईंना ठाऊक होतं. तरी आपण काय बोलून बसलो, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी साबणाचं नवं पाणी घेतलं आणि त्यात अ‍ॅसिडने लाल होणारा तपासणीचा निळा कागद बुडवला. तो निळाच राहिला.

"बघा, अ‍ॅसिड नाही."

"कागदाला काय कळतंय?"

'काही होत नाही' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले.

"चुकले मी, मामा. पाहुण्यांना थोडंच दाखवू. चला, घुसळायला घेऊ."

मामा हलले नाहीत. मग त्यांनी खुंटीवरचे आपले जाड हातमोजे काढले, उलटे करून झटकले आणि बाईंपुढे धरले.

हातमोजे फार मोठे होते. बाईंनी ते मुकाट्याने घातले. तेव्हा कुठे मामांनी मिक्सरचं बटण दाबलं.