पेटीवरचा काळा दोरा

जानेवारीतल्या त्या सकाळी शामलाने बाबांपुढे चहाची कपबशी ठेवली. बाबांनी चहाकडे पाहिलं नाही, तिच्या बोटांकडे पाहिलं. बोटांना तेलाचा डाग आहे का, हे ते शोधत होते. बोटांना लाल शाई होती. ती शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासून नुकतीच उठली होती. बाबांची नजर तिला कळली. तिने हात पदराआड घेतला, आणि बाबांचा संशय आणखी पक्का झाला.

मित्रांनो, हे मी समोरून पाहिलं. मी त्या घरातली जुनी स्टील गिटार. मला कोणी मांडीवर घेत नाही. मी चार पायांवर टेबलासारखी उभी राहते. वाजवणारा एका हाताने तारा छेडतो, दुसऱ्या हाताने तारांवरून पोलादी कांडी फिरवतो आणि पायाने पेडल दाबतो. पेडल दाबलं की माझ्या पोटातली आडवी दांडी फिरते, तार ताणली जाते आणि सूर चढतो. पाय उचलला की स्प्रिंग दांडीला मागे ओढते, तार आपल्या जागी परत येते. त्या सकाळी माझी चौथी तार परत येत नव्हती.

"पाय काढला तरी वरच लटकून राहिली," बाबा कोणाकडेच न बघता म्हणाले. "काल दुपारी बरी होती. मंग हिले कोण शिवलं?"

शामलाने कपबशी उचलली.

बाबांचं नाव चंपतराव. नोकरी पोस्टातली, जीव मात्र ऑर्केस्ट्रात. एका परदेशी मासिकात त्यांनी पेडलांच्या गिटारचं चित्र पाहिलं आणि ते घेऊन धरमपेठेत रुपरावच्या सायकलच्या दुकानात गेले. रुपराव त्यांचा शाळेपासूनचा मित्र. तो चित्र उलटंसुलटं करून म्हणाला, "हे गिटार आहे का शिलाई मशीन गा?" पण माझ्या दांड्या त्यानेच सायकलच्या ब्रेकच्या सळयांतून घडवल्या, पेडलं त्यानेच बसवली. एकोणीसशे सदुसष्ट साल होतं. माझा पहिला सूर त्या दुकानात निघाला, तेव्हा पंक्चर काढायला आलेला माणूस पंक्चर विसरून उभा राहिला.

पुढची वर्षं माझी होती. काटोलला एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे लग्न होतं, तर पाहुणे पंगतीतून उठून माझ्याखाली वाकून बघत होते. शामला तेव्हा लहान होती. तालमीच्या वेळी ती माझ्या पायांशी बसायची आणि बाबांचा पाय पेडलवर कधी पडतो, कधी उठतो, ते एकटक बघायची. तिला शिकायचं होतं. तिने कधी मागितलं नाही, आणि बाबांनी कधी विचारलं नाही. मोठी झाल्यावर ती दुरूनच ऐकू लागली.

बाबांचा स्वभाव संशयी. शेजाऱ्याने पेपर आधी वाचून पुन्हा घडी घातली आहे का, हे ते नुसत्या घडीवरून ओळखायचे. माझ्याबद्दल तर कोणावरच विश्वास नव्हता. फक्त रुपराव दरवर्षी खंडेनवमीला यायचा. त्या दिवशी घरातली अवजारं पुजतात, तशी माझीही पूजा व्हायची. रुपराव दांड्यांच्या भोकांत मशीनच्या तेलाचे थेंब सोडायचा आणि शामलाची आई, सुभद्राबाई, मला हळदकुंकू लावायची.

त्या जानेवारीच्या आधीच्या खंडेनवमीला मात्र रुपरावचा पाय मोडला होता, तो आला नाही. बाबा एका कार्यक्रमाची बोलणी करायला गेलेले. सुभद्राबाईंनी मला फूल वाहिलं आणि स्वतःच्याच हाताने तेल घातलं. फार मायेने घातलं. कितीतरी दिवसांत मला कोणी असं गोंजारलं नव्हतं.

थंडी पडली आणि चौथी तार अडू लागली. बाबांनी तार बदलली. तरी तेच. स्प्रिंग बदलली, जरा कडक घातली, तर दुपारी तार उलट खाली उतरू लागली, म्हणून पुन्हा जुनी बसवली. दांडी वाकली का, ते दोरी धरून पाहिलं, सरळ होती. शेवटी त्यांनी तार जुळवायच्या नटावर पेन्सिलीने खूण केली, म्हणजे कोणी फिरवला तर कळेल. खूण जागच्या जागी राहिली आणि तार सकाळी अडलीच. दुसरा कोणी म्हणाला असता की मग नट कोणी फिरवला नाही. बाबा म्हणाले, "कोणीतरी फिरवून पुन्हा खुणेवर आणून ठेवते."

एकदा भर दुपारी मला रिक्षात घालून ते रुपरावकडे घेऊन गेले. दुकानाच्या पत्र्याखाली चांगलं ऊन तापलं होतं. माझी तार एकदाही चुकली नाही.

"काय गा चंपत, मस्त वाजून राहिली!" रुपराव म्हणाला.

"घरी अडते."

"मंग घरच घेऊन ये दुकानात. त्यालेच दुरुस्त करतो."

बाबा हसले नाहीत. दुकानात नीट, घरी खराब. म्हणजे गुन्हेगार घरातला. त्यांनी मला बंद करून ठेवायच्या पेटीच्या कडीला काळा दोरा बांधून ठेवला. दोनच दिवसांत तो तुटलेला सापडला. सुभद्राबाई असं करतील, हे त्यांच्या मनातही आलं नाही. उरली शामला.

"शामले, मले हात लावल्याचा राग नाही," ते म्हणाले. "चोरून लावल्याचा आहे."

पंचवीस वर्षांच्या, चार लोकांत मान असलेल्या मुलीला हे ऐकावं लागलं. नाही म्हणायचीही तिला लाज वाटली. दोरा कोणी तोडला, ते मला ठाऊक होतं. पण मी सूर काढू शकते, साक्ष देऊ शकत नाही.

त्याच जानेवारीत, त्यांच्या शेवटच्या सकाळी, बाबा काटोलला एका लग्नात वाजवायला निघाले. मला नेलं नाही. "ही दगा देते," म्हणाले. जुनी साधी गिटार काखेत घेतली. निघताना पेटीला नवा दोरा बांधला आणि गाठ शामलाच्या देखत मारली. ती दारात उभी होती. "येतो," म्हणाले. तिने मान हलवली.

संध्याकाळी रुपराव त्यांना घेऊन आला. मांडवात बसल्या बसल्याच ते गेले होते.

वर्षभर मी पेटीत राहिले. वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी सुभद्राबाई म्हणाल्या, "शामले, पेटी उघड वं. हवा लागू दे तिले."

शामलाने दोरा तोडला नाही. बाबांनी मारलेली गाठ तिने नखांनी हळूहळू सोडवली. मला उभं केलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या पेडलवर पाय ठेवला. सूर चढला. तिने पाय उचलला. तार परत आली नाही.

वर्षभर गाठ शाबूत होती. कोणी शिवलं नव्हतं, तरी मी अडले होते. मग तिने माझ्या पोटाखाली हात घातला आणि दांडीच्या भोकातून काहीतरी खरवडून काढलं. पांढरं, मेणासारखं. नाकाशी नेलं. तो तिच्या आईच्या वेणीचा वास होता.

अंगणाच्या भिंतीवर खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवलेली होती. तेल अर्धं थिजलेलं होतं, दर हिवाळ्यात थिजतं तसं. पायाच्या जोराने दांडी थिजलेल्या तेलातूनही फिरायची. परत ओढून आणायला मात्र स्प्रिंगचा जीव पुरत नव्हता.

"आई, गिटारीत तेल तू घातलं होतं?"

"हो तं. पूजेच्या वस्तूले घासलेटाच्या वासाचं तेल कसं घालू? अन् मंग अडून राहिली म्हणत होते, तं पेटी उघडून आणखी घातलं. दोरा काहून बांधला होता कोण जाणे, तुटला हातात." त्या थांबल्या. "बरं केलं ना वं?"

शामलाने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरं केलं, आई," ती म्हणाली.

मित्रांनो, मला तेल घाला, पण कोणतं ते विचारून घाला. आणि मी अडले तर आधी माझं पोट उघडून बघा. घरातल्या माणसांची बोटं तपासू नका. मला नवीन तार मिळते, माणसांना नाही.

आई स्वयंपाकघरात गेल्यावर शामलाने मला ओढत अंगणात नेलं. ऊन चढेपर्यंत ती माझ्यापाशी बसून राहिली. मग पेडल दाबलं, सोडलं. चौथी तार आपल्या जागी परत आली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. तिने बाबांच्या कांडीवर हात ठेवला आणि मोठ्याने, कोणालातरी समोर बसवून सांगावं तसं म्हणाली,

"बाबा, मी हात नव्हता लावला जी. मले फक्त शिकायचं होतं."