मांजर, मी आणि ‘कशावरून?’

मी एक जुना टॅबलेट आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. एका मुलीला शोध कसा घ्यायचा ते मी शिकवलं, आणि तेही एकट्यानं. शेजारी भंगाराचा खोका उघडा आहे आणि वर्गाच्या बाईंचा हात माझ्यावर आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपलं काम उत्तरं देण्याचं. शाळेत आलो तर हुशार मुलांच्या वर्गासाठी माझ्यात एक अभ्यासाचं ॲप घातलं. ते उत्तरच देईना. मुलांनी काही लिहिलं की उलट विचारायचं, ‘कशावरून?’ मित्रांनो, तेव्हा जो गोंधळलो तो अजून सावरलेलो नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला भिंगरी म्हणत. तिनं विषय घेतला, वाचनालयातल्या मांजरीला कोणती जागा आवडते? मला खिडकीत उभं करून ती फोटो काढायची. मांजर खिडकीत बसली. भिंगरीनं लिहिलं, मांजरीला ऊन आवडतं. ॲप म्हणालं, ‘कशावरून?’ मग तिनं मला दाराशी ठेवलं. मांजर दाराशी. अंधाऱ्या कपाटात ठेवलं, तर मांजर कपाटात.

“हिला आवडतं तरी काय?” भिंगरी रडकुंडीला आली.

“उद्यापर्यंत सांग, नाहीतर विषय बदल,” बाई म्हणाल्या.

ॲपनं विचारलं, ‘प्रत्येक जागी कोणती गोष्ट तीच होती?’ मलाही कळेना. मांजर होती, भिंगरी होती, मी होतो. आणखी कोण?

दुसऱ्या दिवशी मांजर फिरकलीच नाही. भिंगरी डोक्याला हात लावून बसली. मला दया आली. मी पडद्यावर ठसठशीत लिहिलं, ‘वेडे, माझी बॅटरी तापते. मांजर माझ्या उबेला येते.’ असा लागला तो शोध. तेव्हा मित्रांनो, जुन्या यंत्रांना पुसा, जपा, चार्जिंगला लावा, आणि खोक्यात तर मुळीच...

“थापा मारतोय,” मागून आवाज आला. भिंगरीच. आता कॉलेजात जाते, आज नव्या मुलांना भेटायला आलेली.

“कशावरून?” मी विचारलं.

“त्या दिवशी तुझं चार्जिंग संपलं होतं. तू बंद होतास, थंडगार. म्हणून मांजर आली नाही, आणि म्हणूनच मला कळलं. बंद पडद्यावर लिहिलंस कसं रे?”

नवी मुलं खिदळली.

भिंगरीनं मला बाईंच्या हातातून काढून घेतलं. “याला राहू द्या, बाई. ही पोरं शोध घ्यायला शिकणार, तर पकडायला एक थापाड्या नको का?”