सणसरच्या विहिरीवर लावलेले शून्य

माझ्या डब्यात सहा वस्तूंसाठी सहा खाचा आहेत. आज त्या सगळ्या भरलेल्या आहेत. एका खाचेत मी, दुसरीत बारीक पेचकस, दोन खाचांत दोन ड्रॉपर आणि पाचवीत मऊ कापडाचा तुकडा. सहावी खाच शुद्ध पाण्याच्या छोट्या बाटलीची. ती बराच काळ रिकामी होती. मित्रांनो, माझी गोष्ट त्या रिकाम्या खाचेची आहे.

मी एक जुना ब्रिक्स मीटर आहे. वीतभर लांब, एका टोकाला तिरकी काच आणि तिच्यावर झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायला भिंग. शेतकरी मला ‘दुर्बीण’ म्हणतात. पण माझ्यातून दूरचे काही दिसत नाही. काचेवर उसाच्या रसाचे दोन थेंब टाका, झाकण मिटा आणि मला उजेडाकडे धरा. आत एक मोजपट्टी दिसते. वरचा भाग निळा, खालचा पांढरा. दोन्ही जिथे मिळतात तो आकडा वाचायचा. रसात शेकडा किती साखर आहे ते कळते. माझ्या पट्टीवरची सगळ्यात लहान रेष ०.२ ची आहे. त्याहून लहान फरक मी नीट सांगू शकत नाही.

माझा एकच नियम आहे. काम सुरू करण्याआधी काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकायचा आणि पेच फिरवून निळ्याची कड शून्यावर आणायची. साधे पाणी चालत नाही. दुकानात ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून जे मिळते, ते चालते. शून्य चुकले की पुढचे सगळे चुकते, आणि चूक दिसतही नाही, कारण सगळे आकडे मिळूनच सरकतात.

पहिली अकरा वर्षे मी भवानीनगर भागातल्या एका तात्यांकडे होतो. ते ऊस कधी तोडायचा ते सांगत. बुडख्यातला रस आणि शेंड्याकडचा रस जवळजवळ सारखा गोड झाला, की ऊस पिकला. तात्यांच्या आकड्यावर वावरेच्या वावरे तोडली जात. लोक म्हणत, “तात्या सांगतील ते खरं.” मला वाटे, हे माझेच कौतुक. मग तात्या थकले. मी तीन वर्षे त्यांच्या कपाटात पडून राहिलो. शेवटी त्यांनी मला संजीवनीच्या हातात दिले.

संजीवनी कऱ्हाटीची. बारामतीला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. पाण्याची टंचाई असलेल्या गावातून ती अकराव्या वर्षी वसतिगृहात आली, तेव्हापासून तिची पेटी कधी पूर्ण रिकामी झाली नव्हती. तळाशी चार कपडे कायम घडी घातलेले. ती स्कूटीवरून गावोगाव जाऊन ऊस तपासून देई. वावरात तिच्या पायात काळे बूट असत. चहा घ्यायला कुणाच्या ओसरीवर बसली तरी ती ते काढत नसे. निघायला उशीर नको, म्हणे.

सणसरला जोतीरामच्या विहिरीवर मात्र तिने दुसऱ्याच खेपेला बूट काढले. तिथे जुन्या मोटेचे दगडी थारोळे आहे, म्हणजे मोटेचे पाणी पडायचे तो हौद. त्याच्या काठावर ती पाय सोडून बसली. मला तिने शेजारच्या दगडावर ठेवले होते. तिच्या टाचा दगडावर टेकलेल्या मला दिसत होत्या.

“म्याडम, दुसरा ऊस बघायचा न्हाय का?” जोतीरामने विचारले.

“बघू की. बसू दे जरा.”

“बसा. थारोळ्याला भाडं न्हाय आमच्यात.”

जोतीराम तिच्याएवढाच. वडील लवकर गेलेले. घरी आई कुशाबाई आणि तो. शेताच्या खालच्या अंगाची जमीन खारी झालेली. तिथे उन्हात पांढरा थर यायचा आणि ऊस गुडघ्याएवढा राहायचा. जोतीरामकडे एक कला होती. तो उसाचे कांडे चावून आकडा सांगायचा. तो सांगायचा, मग ती माझ्यात बघायची.

“अठरा.”

“अठरा पॉइंट दोन.”

“मंग दुर्बीण कशाला बाळगतीस? मला न्हे गावोगाव.”

“तुला दगडावर ठेवता येत नाही.”

ती प्रत्येक खेपेला वहीत दोन रकाने करी. एकात त्याची जीभ, दुसऱ्यात मी. कधी तो एका रेषेने वर असे, कधी खाली. फेब्रुवारीपर्यंत ‘म्याडम’ची ‘संजा’ झाली होती. एकदा ती थारोळ्यावरून म्हणाली, “मला कुठेही गेलं की पुढं कुठं जायचं ते आठवतं. इथं आठवत नाही.” उठून त्याने माझी काच धुतली. न सांगता माझी काच धुणारा मला भेटलेला तो पहिला माणूस.

त्याच महिन्यात बाटलीतले शुद्ध पाणी संपले.

“आता बारामतीला गेल्यावर आणते. आज शून्य लावता येणार नाही,” ती म्हणाली.

“पाणीच लागतंय ना? हिरीत काय ताक हाय व्हय?”

ती हसली. तिला नियम माहीत होता, मित्रांनो. ती तो कॉलेजात शिकली होती. तरी तिने विहिरीच्या पाण्याचा थेंब माझ्या काचेवर टाकला. कड शून्याच्या एक रेष वर, म्हणजे ०.२ वर होती. तिने पेच फिरवून ती शून्यावर आणली. ‘संध्याकाळी नीट लावू’ असे ती पुटपुटली. रिकामी बाटली स्कूटीच्या डिकीतून कुठे पडली ते कळले नाही. नवी आणायची राहून गेली. त्या दिवसापासून मी सगळे जग सणसरच्या विहिरीवरून मोजू लागलो.

त्यानंतर वहीत जोतीरामच्या तेवीस आकड्यांची नोंद आहे. त्यांतले एकवीस माझ्यापेक्षा एका रेषेने जास्त. “तुझी जीभ म्हातारी झाली,” ती त्याला चिडवायची. तो म्हणायचा, “आसंल बाबा. दुर्बिणीपुढं आमी कोण!” मला सगळे ठाऊक होते. पण मला तोंड नाही, फक्त भिंग आहे.

एप्रिलमध्ये संजीवनीने कऱ्हाटीला वडिलांना सांगितले. तिचे वडील झुंबर. ती त्यांना दादा म्हणते. त्यांनी मुलाचे शिक्षण विचारले नाही, जमीन विचारली नाही.

“पाणी कसं हाय त्यांचं?”

हे विचारण्याला कारण होते. झुंबरची बहीण सारजा मचूळ पाण्याच्या गावात दिलेली. मचूळ म्हणजे किंचित खारट. तसल्या पाण्यात डाळ शिजत नाही. सारजाची सासू म्हणायची, हिला रांधता येत नाही. नऊ वर्षे तिने तो बोल ऐकला आणि एक दिवस परत आली. ती परत आली तेव्हा बोलणे विसरल्यासारखी झाली होती. तेव्हापासून झुंबर कुठल्याही मुलीचे स्थळ बघायला जाताना धोतराच्या सोग्यात मूठभर तूरडाळ बांधून नेत आणि तिथल्या विहिरीच्या पाण्यात शिजवायला लावत. कऱ्हाटीला त्यांच्या घरी ती डाळ चाळीस मिनिटांत मऊ होई.

“दादा, मी मोजलंय पाणी,” संजीवनी म्हणाली. आदल्याच दिवशी तिने माझ्यावर विहिरीचा थेंब टाकून बघितला होता. कड बरोबर शून्यावर होती. असणारच. पाण्यातले मीठ मोजणे हे माझे खरे काम नाही, त्याला वेगळी यंत्रे आहेत, हेही तिला ठाऊक होते. पण मी हातात होतो आणि कड तिला हवी तिथे होती. चवीचे म्हणाल, तर दोन महिने तेच पाणी पिऊन तिच्या जिभेला ते गोडच वाटू लागले होते.

“मोजलंय तर बरंच हाय,” झुंबर म्हणाले. तरी डाळ बांधलीच.

सणसरला ते दुपारी पोचले. मी संजीवनीच्या पिशवीत होतो, पिशवी अर्धी उघडी. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचा निळा जार होता. कुशाबाई गेली तीस वर्षे पिण्याचे पाणी बाहेरून आणत होत्या. आधी कालव्यावरून डोक्यावर, आता जार. झुंबरनी सोग्याची गाठ सोडली.

“वैनी, एवढी डाळ लावा. हिरीच्या पाण्यात.”

जोतीराम बाहेर खुर्च्या मांडत होता. कुशाबाईंनी डाळ हातात घेतली. त्यांनी जारकडे बघितले. तोटी हाताशी होती, आणि तिकडे कुणी बघत नव्हते. मग त्यांनी कळशी उचलली, आणि विहिरीचे पाणी पातेल्यात ओतले.

चाळीस मिनिटे झाली. तास झाला. दीड तासाने झुंबर उठले आणि त्यांनी एक दाणा बोटांत धरून दाबला. दाणा फुटला, पण मध्ये टणक राहिला.

“संजे, तुजी दुर्बीण खोटं बोलती न्हायतर डाळ,” ते म्हणाले. “डाळीला काय कुणाशी लगीन लावायचं न्हाय.”

“आये, जारचं टाकायचं हुतंस की,” जोतीराम हळूच म्हणाला.

कुशाबाईंनी पदराने पातेले उतरवले. “मी हितं आले तवा मला कुणी सांगितलं न्हाय. माज्या बापानं इचारलं बी न्हाय. ह्या पाव्हण्यानं इचारलंय. मंग सांगाया नगं?”

कुणी जेवले नाही. जाताना झुंबर दारात थांबले. “पोरगं चांगलं हाय. पर डाळ शिजंल तवाच बोलू.”

संजीवनीने त्याच संध्याकाळी बारामतीत बॅटरीच्या पाण्याची बाटली घेतली. दुकानाच्या पायरीवर बसून तिने माझ्यावर थेंब टाकला. कड शून्याच्या एक रेष खाली गेली होती. तिने वही उघडली. तेवीस आकडे, एकवीस वर. ती खूप वेळ ते पान बघत बसली. मग पेच फिरवून तिने शून्य नीट लावले आणि जोतीरामला फोन केला.

“चूक माझी आहे. तुझी जीभ बरोबर होती. मी शून्य तुझ्या विहिरीवर लावलं होतं.”

“मला पाणी मचूळ हाय ते जल्मापासनं ठाव हाय,” जोतीराम म्हणाला. “तू शून्य म्हणलीस, तर मला बी वाटलं, आसंल.”

त्यानंतर अकरा महिने ती सणसरला गेली नाही. पाणी सुधारेपर्यंत जायचे नाही, असा दादांना शब्द दिला होता. मला काम कमी झाले. एकदा रसाचा थेंब न पुसता तिने मला डब्यात ठेवले. तो वाळून काचेवर चिकट पापुद्रा झाला आणि मला आठवडाभर सगळे धूसर दिसत राहिले. वसतिगृहातली पेटी तिने आता भाड्याच्या खोलीत आणली होती. तळातले चार कपडे तसेच होते. ओसरीवर बूट न काढण्याची सवयही परत आली.

तिकडे जोतीराम चर खोदत होता. खाऱ्या पट्ट्यात चार फूट खोल तीन चर, त्यांत भोके पाडलेले पाइप, वर वाळू. जमिनीतले मीठ पाण्याबरोबर पाइपातून ओढ्याकडे जावे म्हणून. दोन चर यंत्राने झाले. तिसरा विहिरीला लागून असल्याने त्याने हाताने खोदला. मार्चमध्ये त्याने निरोप धाडला, “येऊन मोजून जा. मीठ भायेर पडतंय का, तेवढं सांग.”

ती गेली. झुंबरही आले, सोग्याला गाठ होतीच. विहिरीवर पोचताच ती थारोळ्याच्या काठावर बसली आणि तिने आधी बूट काढले. जोतीराम समोर उभा. त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते. तिने ते बघितले आणि नजर माझ्याकडे वळवली.

“दादा,” ती म्हणाली, “आकडा काय यायचा तो येऊ दे. मी इथंच राहणार आहे. मचूळ तर मचूळ. फक्त खोटं शून्य लावून नाही राहणार.”

“मंग मोजतीस कशाला?”

“माहीत असावं म्हणून.”

झुंबर विहिरीत वाकून बघत राहिले. “सारजीला कुणी माहीतबी हू दिलं न्हवतं,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी सोग्याची गाठ सोडली आणि डाळ कुशाबाईंच्या ओंजळीत ओतली.

“वैनी, आज जारच्या पाण्यात लावा. भूक लागलीया.”

कुशाबाई घराकडे वळल्या. आणि डोळ्यांना पदर लावलेला दिसू नये म्हणून भरभर चालू लागल्या.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. माझ्या काचेला दोन चरे आहेत. एवढेच मागणे आहे. मला वापरल्यावर पुसून ठेवत जा, आणि मोजण्याआधी शून्य शुद्ध पाण्यावर लावत जा. ज्या जागेवर तुमचा जीव आहे, तिथे मोजताना तर दोनदा लावा. खरे कळल्याने जीव कमी होत नाही. मी जवळून बघितले आहे.

त्या दिवशी विहिरीवर संजीवनीने सहाव्या खाचेतून बाटली काढली. माझी काच जोतीरामने धुतली. तिने एक थेंब टाकला, पेच पाव फेरा फिरवला, पुन्हा एक थेंब टाकून खात्री केली. मग चराच्या तोंडाशी एकदा आणि विहिरीवर तीनदा मोजले, आणि वहीत लिहिले.

चराच्या तोंडाशी, ओढ्याकडे जाणारे पाणी: ०.६. विहीर: ०.२, ०.२, ०.२.