डाव्या हाताचं बोट

साहेब, त्या मांडवाची फीत तुम्ही कापलीत. शाल घेतलीत, नारळ घेतलात आणि माईकवर म्हणालात, "महाराजांनी आपल्या तालुक्यातून मधुमेह हद्दपार करायचं मनावर घेतलंय." तुमच्या या एका वाक्यावर पोलादपुरातल्या आणि खाली पार महाडपासून आलेल्या माणसांनी गोळ्या सोडल्या. त्यात माझी बनुआत्या होती. म्हणून हे तुम्हालाच लिहितोय, आणि फिरवून-फिरवून लिहायला मला येत नाही.

आत्याला आठ वर्षं साखर आहे. आमच्या उपकेंद्रातल्या नर्स दीक्षाताईंनी तिला मोठ्या मिनतवारीनं वळण लावलं होतं. भात एक मूद. अर्धं ताट भाजी. सोबत कुळथाचं पिठलं, नाहीतर मासळी. आत्या कुरकुरायची, "ढोरांना पन पोटभर घालतात गो! भाताबिगर जेवन म्हंजी काय जेवन?" पण ऐकायची, गोळीही वेळेवर घ्यायची. मग आले तुमचे महाराज. त्यांनी सांगितलं, गूळ खा, भात खा, गोळ्या आंबेनळीच्या घाटात फेका. ज्याला भात सोडवत नाही, त्याला दुसरं काय हवं असतं? पाच आठवडे आत्या सुखानं जेवली. चपलेनं घासून झालेली पायाच्या बोटाची जखम तेवढ्यात काळी पडली.

दीक्षाताईंनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "आत्या, आजच्या आज दवाखान्यात चला."

"महाराजांनी हात फिरवला की भरंल. परवा मशीनवर दावलं नाय त्यांनी? समद्यांदेखत उतरली साखर!"

"बरं. मग मीही येते बघायला. तिथं खोटं दिसलं, तर तिथूनच दवाखाना. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, आमच्या शेजारच्या जलीलभाईंच्या टेम्पोतून गेलो. मांडव खच्चून भरलेला. रांगेत प्रत्येकाच्या उजव्या हातावर गुळाचा गरमागरम शिरा पडत होता. तो खाऊन प्रसादाचा हात डोक्याला पुसायचा, धुवायचा नाही. आपली जुनी रीत. मग सेवक त्याच हाताच्या बोटाला सुई टोचायचा, थेंब मशीनच्या पट्टीला लावायचा आणि आकडा माईकवर ओरडायचा.

"बनुबाई, चारशे बारा!"

मांडवभर "अगं बया!"

महाराज डोळे मिटून म्हणाले, "भिऊ नकोस, माय! साखर कारखान्याची, गूळ भूमातेचा. काट्यानं काटा निघतो, गुळानं साखर मरते!" मग आत्याचा हात तांब्याच्या घंगाळातल्या पाण्यात बुडवून चोळला, मंत्र पुटपुटले, कोऱ्या पंच्यानं पुसला. पुन्हा सुई.

"दोनशे त्रेचाळीस!"

टाळ्या. शिट्ट्या. आत्या रडायला लागली. दोनशे त्रेचाळीस हाही आजाराचाच आकडा आहे, हे कोणाच्या ध्यानात येतंय! चारशेवरून उतरला ना? झालं तर.

एवढ्यात जलीलभाई पुढं झाले. "महाराज, आमची पण बघा." त्यांना साखर नाही, दीक्षाताईंनी निघतानाच तपासली होती. त्यांनी शिरा खाल्ला, सेवकानं बोट टोचलं. तीनशे एकोणनव्वद!

"आता डाव्या हाताचं बघा," दीक्षाताई म्हणाल्या.

सेवक गुरकावला, "डावा हात देवाच्या कामाला चालत नाय!"

"रक्त चालतं ना? की तेही उजवं-डावं असतं?"

लोक हसले. महाराजांचे डोळे उघडले. जलीलभाईंनी स्वतःच डावं बोट पुढं केलं, ताईंनी महाराजांच्याच मशीनवर थेंब घेतला आणि आकडा लोकांना दाखवला. अठ्ठ्याण्णव.

"या अल्ला!" जलीलभाईंनी कपाळाला हात लावला. "अर्धा जलील आजारी नि अर्धा ठणठणीत? मग बायकोनं डबा कुठल्या अर्ध्याला द्यायचा?"

आता मांडव हसून लोटपोट झाला. ताईंनी बाटलीतल्या साध्या पाण्यानं त्यांचा उजवा हात धुतला, पुसला आणि पुन्हा टोचला. शंभर. मंत्र नाही, घंगाळ नाही.

"गूळ बोटाला चिकटलेला असतो," ताई सांगू लागल्या. "रक्ताच्या थेंबात तो मिसळतो, मशीन त्याचीही साखर मोजते. हात धुतला की आकडा उतरतो. उतरला तो बोटावरचा गूळ. अंगातली साखर तशीच आहे, आणि आत्ता खाल्लेला शिरा अजून रक्तात पोचायचाय. गूळ काय, मध काय, साखर काय, शरीराला एकच. भात बंद करा असं मी कोणाला म्हणत नाही, मोजून खा म्हणते. नाचणीची भाकरीही मोजूनच. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका."

महाराज "नास्तिकांपुढं शक्ती टिकत नाही" म्हणत गाडीत बसले. एक म्हातारी मात्र आमच्यावरच चिडली, "परसादाचा इटाळ केलात रे!" तिला काय बोलू? तिच्या भक्तीवर माझा राग नाही. तिच्या भक्तीचा हात ज्यांनी चिकट ठेवला, त्यांच्यावर आहे.

आत्या कबूल केल्याप्रमाणे दवाखान्यात जायला टेम्पोत बसली. वाटेत एवढंच म्हणाली, "मी येडी नाय रे. मला भात खायाचा होता."

साहेब, लोक अडाणी म्हणून फसत नाहीत. त्यांना हवं असतं ते कोणीतरी देव पुढं करून देतो, म्हणून फसतात. मशीन खोटं नव्हतं, आकडा खोटा नव्हता. हात धुतलाय का, एवढंच विचारायचं राहिलं. शिकल्यासवरल्या माणसानं तेवढं तरी विचारावं. तुम्ही विचारलं नाहीत.

आत्या आता दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस बघू, नाहीतर पायाचं बोट काढावं लागेल. तर साहेब, ज्या माईकवर महाराजांची तारीफ केलीत, त्याच माईकवर येऊन सांगा: तुम्ही काय तपासून लोकांना त्या मांडवात बोलावलंत? उत्तर पंधरा दिवसांच्या आत द्या. आत्याच्या बोटाला मुदत तेवढीच आहे.