चौऱ्याहत्तरचा पुकारा

मैदानाच्या मधोमध कॉलेजचे चिन्ह रंगवलेले होते: पंख पसरलेला क्रौंच. सोमवारच्या सरावानंतर त्या क्रौंचाच्या छातीवर वेन्डेल क्राल एकटा उभा होता आणि अमेरिकन फुटबॉल संघातले बाकीचे सगळे मैदानाला वळसे घालत धावत होते. मक्याची कापणी होऊन गेलेल्या शेतांवरून नोव्हेंबरचा वारा बेधडक येत होता. धावणाऱ्यांच्या अंगांतून वाफ निघत होती. थंडी वाजत होती ती फक्त उभ्या असलेल्याला.

कोच स्ट्रॅटन यांची ही पद्धत जुनी होती. इतर कॉलेजांत चूक करणाऱ्याला पळवतात; इथे चूक करणारा उभा राहत असे आणि त्याच्यापायी बाकीचे पळत. हात पाठीमागे बांधायचे, मान वर ठेवायची, धावणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचे. शेवटचा गडी मैदान सोडून जाईपर्यंत जागा सोडायची नाही. "दुखलेले पाय माणूस दोन दिवसांत विसरतो," कोच म्हणत, "नजरा नाही विसरत."

"काय कॅप्टन, हवा कशी आहे तिथं?" जवळून जाताना कुणीतरी ओरडले.

"पुढच्या वेळी खुर्ची आणून ठेवू का?"

"ए, गप्प पळ. दम पुरव आधी."

सगळे हसले. वेन्डेलनेही हसल्यासारखे केले. थट्टेचे त्याला काही वाटत नव्हते. सलत होते ते एवढेच, की धावणाऱ्यांतला एक जण, शहात्तर नंबरचा अँब्रोस टीग, प्रत्येक वळशाला त्याच्यासमोरून जाताना स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

शनिवारचा सामना परक्या मैदानावर होता. वेळ संपत आलेली, संघ चार गुणांनी मागे, गोलरेषा एका यार्डावर, आणि हातात एकच प्रयत्न उरलेला. डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकने आवाज द्यायचा, मधल्या गड्याने पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि चेंडू सुटेपर्यंत पुढच्या फळीतल्या पाचही जणांनी दगड होऊन राहायचे, एवढे साधे ते काम. पण परके लोक घसा फोडून ओरडत असतात तेव्हा क्वार्टरबॅकचा आवाज फळीपर्यंत पोहोचत नाही. मग गडी कानांवर विसंबत नाहीत, शेजाऱ्याच्या अंगावर विसंबतात. वेन्डेलच्या उजव्या हाताला दोन वर्षे अँब्रोस होता. अँब्रोसचा जमिनीला टेकलेला हात निमिषभर आधी उचलला गेला, आणि त्या हाताबरोबर वेन्डेलचे सगळे शरीर उठले, बुद्धीची परवानगी न घेता.

चुकीची खूण म्हणून पंचाचा पिवळा रुमाल पडला; त्याला उठलेला वेन्डेलच दिसला होता. पंचाने कमरेच्या माइकचे बटण दाबले आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचा आवाज घुमला: "चेंडू सुटण्याआधी हालचाल. आक्रमण करणारा संघ. नंबर चौऱ्याहत्तर. दंड पाच यार्ड."

एका यार्डाचे सहा झाले, आणि ते सहा त्यांना जमले नाहीत.

फळीतल्या गड्याच्या नशिबी चेंडू नसतो. गोल दुसऱ्याच्या नावावर, टाळ्या दुसऱ्याला. त्याचा नंबर पुकारला जातो तो केवळ चुकल्यावर. चार वर्षांत वेन्डेलचा नंबर एकदाही पुकारला गेला नव्हता. या गोष्टीचा त्याला मनोमन अभिमान होता, पण जे घडलेच नाही त्याची फुशारकी मारायची तरी कशी, म्हणून त्याने ते कुणाला सांगितलेले नव्हते.

परतीच्या बसमध्ये अँब्रोस एरवी त्याच्या शेजारी बसे आणि गाव येईपर्यंत त्याच्या खांद्यावर घोरत पडे. त्या दिवशी तो मागच्या बाकावर जाऊन बसला. वेन्डेलने शेजारच्या मोकळ्या जागेवर आपली पिशवी ठेवली. गावाबाहेरच्या पेट्रोलपंपापाशी फोन वाजला. राज्याच्या पार पश्चिम टोकाला शाळेची बस चालवणारी त्याची आई, डोरीन, कॉलेजच्या रेडिओवर प्रत्येक सामना ऐकत असे.

"वेन! अरे, तुझा नंबर सांगितला! अगदी स्पष्ट! चौऱ्याहत्तर! मी हातातलं पीठ तसंच टाकून उभी राहिले."

"आई, ते असं नसतं..."

"हरलात ते कळलं मला. जाऊ दे. पण चार वर्षांत एकदा तरी घेतला मेल्यांनी तुझा नंबर! तुझ्या मावशीला लगेच कळवलं. आता शनिवारी येतेच आहे मी. खसखशीची गोड कोलाची भाजून आणते, सगळ्यांना पुरतील एवढी."

त्याने तिला काही सांगितले नाही. येत्या शनिवारचा सामना स्वतःच्या मैदानावरचा, वर्षातला शेवटचा आणि त्याच्या आयुष्यातलाही शेवटचा होता. शेवटच्या वर्षाचे गडी त्या दिवशी आईवडिलांचा हात धरून मैदानावर येतात. आणि कोच स्ट्रॅटन यांचा आणखी एक नियम होता. चेंडू सुटण्याआधी हलण्याची चूक खालच्या वर्षांच्या मुलांनी केली तर नुसते उभे राहणे. शेवटच्या वर्षाच्या गड्याने केली तर उभे राहणे आणि पुढचा सामना बाकावर. "ज्याला इतकी वर्षं शिकवलं त्यानं उतावीळ व्हायचं म्हणजे काय?"

आधी कोण हलले याचा चित्रफीत बघून निकाल लागला असता. पण रुमाल पडलेला डाव कोच दाखवतच नसत. बटण दाबून पुढे सरकत. त्यावर त्यांचे एक वाक्य होते, ते संघात सगळ्यांना पाठ होते: "रुमाल पडला की वाद संपला." सप्टेंबरमध्ये अँब्रोसवर दुसऱ्यांदा उभे राहण्याची पाळी आली, तेव्हा खरी चूक मधल्या गड्याची होती. त्याने चेंडू उशिरा सोडला होता. अँब्रोस रडकुंडीला येऊन कॅप्टनकडे आला होता. "तू तर शेजारीच होतास! तू सांग ना कोचना!" आणि वेन्डेलने, कॅप्टनने सांगावे तसे, शांतपणे त्याला ते वाक्य ऐकवले होते. तिसऱ्यांदा उभे राहणाऱ्याची जर्सी कोच काढून घेत आणि वसंत ऋतूपर्यंत परत देत नसत, हे तेव्हा दोघांनाही माहीत होते, आताही होते.

एकेक जण धावणे संपवून आत गेला. मैदानाच्या कडेचे दिवे लागले. वेन्डेल पाय हलवणार एवढ्यात त्याला दिसले, की अँब्रोस अजून धावतोच आहे. सगळ्यांचे वळसे संपले होते. तो नवा वळसा घेत होता. तो पुरा झाला, आणि त्याने आणखी एक सुरू केला. एवढ्या मोठ्या मैदानावर आता दोघेच उरले होते, एक धावणारा आणि एक उभा.

"बस झालं, अँब्रोस!"

"मी पळतोय माझा. तू जा."

"कसा जाऊ? तू पळतोयस तोवर मला हलता येत नाही, गाढवा."

अँब्रोस धावायचा चालू लागला, मग थांबला. हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. गुडघ्यांवर हात टेकून तो क्रौंचाच्या पंखापाशी वाकून उभा राहिला.

"तो माझा होता," तो म्हणाला. "रुमाल."

"माहितीय."

"तुला माहितीय ते मला माहितीय! शनिवारपासून वाट बघतोय, आता बोलशील, मग बोलशील. एक शिवी तरी घाल, लेका."

वेन्डेलचे हात अजून पाठीमागेच होते.

"कोच आहेत अजून. दिवा दिसतोय खिडकीत." अँब्रोसने मान वर केली. "तू म्हण, मी जातो. आत्ता जाऊन सांगतो, जर्सी ठेवतो टेबलावर. तू फक्त जा म्हण, कॅप्टन."

खिडकीतला दिवा पिवळा होता. तिथपर्यंतचे अंतर काही फार नव्हते. पीठ टाकून उभी राहिलेली आई वेन्डेलच्या डोळ्यांपुढे आली. एक शब्द म्हणायचा होता, 'जा'. पण ज्याला खरोखर जायचे होते तो पळत बसला नसता, आणि विचारायला तर मुळीच थांबला नसता. दोन वर्षे ज्याच्या अंगावर विसंबून वेन्डेल उठत आला होता, तो अँब्रोस आपले ओझे खाली ठेवायला आला नव्हता, वेन्डेलच्या हातात द्यायला आला होता. वेन्डेलला प्रथम राग आला. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. बोलायला गेला तेव्हा तोंडून शब्द निघाले ते कोचचे होते.

"रुमाल पडला की वाद संपला."

अँब्रोसच्या चेहऱ्यावर सुटकेची एक लकेर उमटली. त्या अंधूक उजेडातही ती दिसली, आणि वेन्डेलला वाटले, ती दिसली नसती तर बरे झाले असते.

"तू जा आधी," तो म्हणाला. "मग मला हलता येईल."

शनिवारी डोरीन पहाटे निघून सहा तास गाडी चालवत आली. अंगात चौऱ्याहत्तर नंबरची जर्सी, ती कोटावर चढवल्यामुळे ताणलेली, आणि हातात पत्र्याचा मोठा डबा. मैदानात जाण्याच्या बोळात आईबापांची रांग लागली होती. वाद्यवृंदाचे ढोल भिंतींतून ऐकू येत होते.

"आई, आज मी खेळणार नाही."

"लागलंय का तुला? कुठं?"

"लागलं नाही. मागच्या शनिवारी माझा नंबर पुकारला ना, तो चुकीसाठी होता. आमच्यातल्याचा नंबर चुकीसाठीच पुकारतात."

डोरीनने डबा या हातातून त्या हातात घेतला. "आणि मी मावशीला फोन केला," ती हळूच म्हणाली. मग डब्याचे झाकण घट्ट दाबत, "मला त्या खेळातलं काही कळत नाही रे. चेंडू कुठं जातो तेही कळत नाही. मी आपली चौऱ्याहत्तर धरून बसते. आज मी कुणाकडे बघू?"

"शहात्तरकडे बघ," तो म्हणाला. "त्याच्या शेजारी असतो मी."

नावे पुकारली गेली, हात धरून ती दोघे मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती वर आपल्या जागी गेली आणि तो बाकावर बसला. त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताला अँब्रोस दगडासारखा राहिला, पहिल्या डावातही आणि नंतरच्या प्रत्येक डावात. मध्यंतरात डोरीन कठड्यापाशी उतरून आली आणि तिने डबा उघडून खाली धरला.

"एक खा. वेन, एक सांगू? तू हेल्मेट घातलेलं नाहीस ना, म्हणून चार वर्षांत पहिल्यांदाच सामना चालू असताना मला तुझा चेहरा दिसला. मी कुणाकडेच बघितलं नाही. तुझ्याकडेच बघत होते."

त्याने कोलाची घेतले. "चांगलं झालंय," तो म्हणाला, आणि तिला बरे वाटावे म्हणून वर बघून हसला. मग वळला आणि ते न खाता हातातच धरून बसला.

पुढचा सगळा वेळ ध्वनिक्षेपकावर नंबर पुकारले जात होते. त्यांत फळीतल्या कुणाचाही नव्हता. फळी खाली वाकली की वेन्डेलचा उजवा हात आपोआप बाकाच्या लाकडावर टेकत होता. आई वरून आपल्या चेहऱ्याकडे बघते आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून चेहरा त्याने स्थिर ठेवला होता. हाताकडे मात्र कुणी बघत नव्हते. चेंडू सुटे तेव्हाच तो उठे, आधी कधीच नाही.